फेब्रुवारी आणि उरलेले अकरा महिने

“चारशे वर्षांचा इतिहास अठ्ठावीस दिवसांत कोंबायचा, भिंतीवर तेच पाच फोटो लावायचे, एखादा गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा आणि एक मार्चला सगळं गुंडाळून माळ्यावर टाकायचं. याला गौरव म्हणायचं का?”

मामाचा हा मूळ मुद्दा. मामा औरंगाबादला कॉलेजात इतिहास शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यात तो लेकीकडे न्यू जर्सीत येतो, आणि तिचं घर आमच्यापासून जवळच असल्यामुळे त्याच्या बऱ्याच संध्याकाळी आमच्याकडे जातात. मी आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीवर स्वयंसेवक आहे. फेब्रुवारीतला ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ हे आमचं वर्षातलं मोठं काम. मामाला त्याबद्दल शंका आहेत. मला ते काम मनापासून पटतं. त्यावरून आमच्यात जे बोलणं झालं ते इथे देते आहे, कारण त्याच्या शंका टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

“फेब्रुवारी कुणी वरून दिलेला नाही, मामा,” मी म्हटलं. “तो कार्टर वुडसन यांनी निवडला. त्यांचे आई-वडील गुलामगिरीतून सुटलेले. वुडसन तरुणपणी वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत राबले, विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले आणि १९१२ साली हार्वर्डमधून इतिहासाचे डॉक्टर झाले. कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासण्यासाठी त्यांनी १९१५ मध्ये संस्था काढली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत पहिला इतिहास-सप्ताह केला. १२ तारीख लिंकन यांच्या आणि १४ तारीख गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंतीची. लोक हे दोन दिवस आधीपासून पाळतच होते. वुडसन यांनी त्या दिवसांना अभ्यास जोडला.”

“आणि अभ्यास आठवड्यात होतो?”

“नाही, आणि त्यांचंही तसं म्हणणं नव्हतं. शाळांनी वर्षभर शिकवावं आणि मुलांनी त्या आठवड्यात ते गावासमोर मांडावं, ही त्यांची कल्पना. हा विषय अमेरिकेच्या इतिहासात इतका मुरावा की वेगळ्या आठवड्याची गरजच राहू नये, अशी त्यांना आशा होती.”

“म्हणजे वुडसन माझ्या बाजूचे.”

“अर्धे तुझ्या बाजूचे. १९५० मध्ये ते गेले. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी महिन्याला सरकारी मान्यता दिली. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष अजून व्हायचंय. पण त्यावरचा उपाय महिना बंद करणं हा नाही.”

मामाने हे ऐकून घेतलं, पण त्याचा खरा आक्षेप वेगळाच होता. “शाळेचं मी समजू शकतो. लायब्ररीचं काम पुस्तकं जमवायचं, जपायचं आणि मागणाऱ्याच्या हातात द्यायचं. गाणी, ढोल, जेवण, मुलांना रंगवायला चित्रं, हे सगळं सुरू झालं की पुस्तक मागे पडतं. माणसं येतात, खातात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. दुसऱ्या दिवशी कपाटासमोर कुणी उभं असतं का?”

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या गोष्टीतच सापडतं, म्हणून मी ती त्याला सविस्तर सांगितली.

१९२६ सालीच, म्हणजे पहिला सप्ताह झाला त्याच वर्षी, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत एका माणसाचा खासगी ग्रंथसंग्रह आला. आर्टुरो शॉम्बर्ग हे त्याचं नाव. जन्म १८७४, पोर्तो रिको. शाळेत एका शिक्षकाने ‘काळ्या माणसांना इतिहास नसतो, त्यांच्यात थोर कुणी झालं नाही’ असं सांगितल्याची आठवण त्यांच्या चरित्राबरोबर नेहमी सांगितली जाते. १८९१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पुढे एका बँकेच्या टपाल विभागात नोकरीला लागले. त्या नोकरीच्या पगारातून त्यांनी जगभरातून पुस्तकं, पत्रं, पत्रकं आणि चित्रं मागवली. पाच हजारांवर ग्रंथ, तीन हजार हस्तलिखितं, दोन हजार चित्रं आणि छापचित्रं, शिवाय हजारो पत्रकं. कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या १०,००० डॉलरमध्ये लायब्ररीने हा संग्रह घेतला. पुढे १९३२ पासून मरेपर्यंत शॉम्बर्ग स्वतःच त्याचे रखवालदार आणि अभिरक्षक झाले.

“झालं की मग,” मामा म्हणाला. “पुस्तकं. कार्यक्रम कुठे आला यात?”

“तो संग्रह त्याच शाखेत का आला, ते बघ. १९२० मध्ये अर्नेस्टीन रोझ नावाच्या बाई तिथे प्रमुख म्हणून आल्या. त्या गोऱ्या होत्या. हार्लेमची वस्ती झपाट्याने बदलत होती. त्यांनी कॅथरीन लॅटिमर यांना कामावर घेतलं. न्यूयॉर्कच्या लायब्ररीतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल. मग तिथे चित्रप्रदर्शनं भरायला लागली, कवी येऊन वाचायला लागले, व्याख्यानं झाली. पुढे तळघरात कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांच्या मंडळींनी नाटकं केली. १९४० मध्ये त्याच तळघरात अमेरिकन नीग्रो थिएटर सुरू झालं. सिडनी पॉइटिए आणि हॅरी बेलाफॉन्टे त्याच संस्थेतून पुढे आले. पण अगदी सुरुवातीपासून कार्यक्रमाला आलेले लोक वर जाऊन विचारायचे, आमच्यावरची पुस्तकं कुठे आहेत? असली पुस्तकं थोडी, वाचणारे फार. ती झिजायला लागली. म्हणून दुर्मीळ पुस्तकं वेगळी काढून १९२५ मध्ये स्वतंत्र विभाग उघडला, आणि दुसऱ्या वर्षी त्या विभागाला शॉम्बर्ग यांचा संग्रह मिळाला. कार्यक्रमांनी मागणी तयार केली आणि मागणीने कपाट भरलं. आज त्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये एक कोटी दहा लाखांहून जास्त वस्तू आहेत.”

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हार्लेम एकच होतं. तुझ्या लायब्ररीच्या पत्रकात मला ‘दुपारी दोन ते चार, जॅझ आणि खाऊ’ दिसतं. त्यातून कोणतं कपाट भरणार आहे?”

“ते समितीच्या हातात आहे. जॅझ झाल्यावर लोक ज्या दारातून बाहेर पडतात त्या दाराशी पुस्तकांचं टेबल हवं, तिथल्या तिथे घरी नेता येतील अशी पुस्तकं, आणि बाजूला कार्ड काढून द्यायला माणूस. एवढं नसेल तर तुझा आक्षेप मला मान्य आहे. पण मामा, तू स्वतः मला सांगायचास की सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर सर्वांत जास्त गर्दी पुस्तकांच्या स्टॉलवर असते. दीक्षाभूमीवरही तेच. माणसं बाबासाहेबांना अभिवादन करायला येतात आणि पिशवीत पुस्तक घेऊन परत जातात. तिथे गर्दी आणि वाचन यांचं भांडण तुला कधी दिसलं नाही.”

“तिथली गर्दी स्वतःची असते. कुणी बोलावत नाही.”

“बरोबर. त्यावर मी येतेच.”

पण त्याआधी मामाने विषय वळवला आणि तो जास्त अवघड केला. त्याने कुठेतरी अलेक्झांड्रियाबद्दल वाचलं होतं. व्हर्जिनियातलं हे गाव वॉशिंग्टनला खेटून आहे. तिथे २१ ऑगस्ट १९३९ ला जे घडलं ते मलाही माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकताना ते जास्त स्पष्ट दिसलं. पाच तरुण एकेक करून पब्लिक लायब्ररीत गेले. प्रत्येकाने काउंटरवर सभ्यपणे कार्ड मागितलं. कृष्णवर्णीय म्हणून नकार मिळाला. प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक उचललं, वेगवेगळ्या टेबलांवर बसले आणि वाचायला लागले. एवढंच. पोलीस आले, पाचही जणांना बाहेर नेलं आणि शांतताभंगाचा आरोप ठेवला. या सगळ्यामागे सॅम्युअल टकर हा सव्वीस वर्षांचा वकील होता. आत काय चाललंय त्याची खबर त्याला पोचवायला चौदा वर्षांचा एक मुलगा ठेवलेला होता. पुढच्या वर्षी गावाने काय केलं? कृष्णवर्णीयांसाठी वेगळी, लहान लायब्ररी बांधली. टकर यांना तिचं कार्ड देऊ केलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं.

“आता सांग,” मामा म्हणाला, “ज्या संस्थेने वाचायला बसलेल्या पोरांना पोलिसांच्या हवाली केलं, त्या संस्थेने त्यांच्या नावाने उत्सव करायचा? १९५९ मध्ये साउथ कॅरोलिनात नऊ वर्षांच्या रोनाल्ड मॅकनेरला पुस्तकं द्यायला नकार दिला आणि पोलीस बोलावले. तो पुढे अंतराळवीर झाला आणि १९८६ मध्ये चॅलेंजरच्या स्फोटात गेला. मग त्या जुन्या लायब्ररीच्या इमारतीला त्याचं नाव दिलं. १९६१ मध्ये मिसिसिपीत जॅक्सनच्या लायब्ररीत नऊ विद्यार्थी वाचायला बसले म्हणून अटकेत गेले. हा हिशेब आधी मांडा, गाणी नंतर.”

मी त्याला म्हटलं की हा हिशेब लायब्ररीशिवाय दुसरं कोण मांडणार? पुस्तकांच्या दुकानात तो कुणी मांडणार नाही. आणि अलेक्झांड्रियाने तो मांडला आहे. १९४० ची ती वेगळी लायब्ररी आज गावाचं कृष्णवर्णीय इतिहासाचं संग्रहालय आहे. ज्या खोलीत हाकललेल्यांना बसवलं, त्याच खोलीत आता त्यांचा इतिहास ठेवलेला आहे. माझ्या मते प्रत्येक लायब्ररीने फेब्रुवारीतला पहिला कार्यक्रम स्वतःवर करावा. आपल्या इमारतीत कुणाला कधीपर्यंत येऊ दिलं नव्हतं, पहिला कृष्णवर्णीय कर्मचारी कधी घेतला, जुन्या खरेदी-याद्यांत कुणाची पुस्तकं होती. कागद बहुतेक ठिकाणी तळघरात पडलेले असतात.

“हे केलंत का तुम्ही?”

“या वर्षी केलं. पन्नासेक माणसं आली असतील. जॅझला याहून जास्त आली.”

“बघ.”

“बघते आहे. म्हणून दोन्ही हवं. दुःखाचाच इतिहास मांडला तर एका समाजाला आपण फक्त सोसणारा म्हणून उभं करतो. ते खोटं होईल. त्यांनी संगीत घडवलं, चर्च उभारली, शाळा काढल्या, वर्तमानपत्रं चालवली, प्रेमाच्या आणि थट्टेच्या कविता लिहिल्या. शॉम्बर्ग सेंटरच्या सभागृहाबाहेर फरशीत एक मोठं वर्तुळ आहे, नद्यांच्या रेषा कोरलेलं. त्याखाली कवी लँगस्टन ह्यूज यांची रक्षा आहे. १९९१ मध्ये त्या जागेचं उद्घाटन झालं तेव्हा माया अँजेलो आणि अमिरी बराका त्या फरशीवर नाचले.”

मामा दचकला. “रक्षेवर? नाचले?”

“हो. भर लायब्ररीत. त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. ज्याच्या कविता गाण्याच्या तालावर चालतात त्याला त्याच्या माणसांनी दिलेला तो निरोप होता. शांतता पाळा म्हणणाऱ्या लायब्ररीने तिथे शांतता पाळली नाही, आणि माझ्या मते तिथे ग्रंथालयाचं काम पूर्ण झालं.”

त्याला ते पटलं असं तो म्हणाला नाही. पण पुढचा प्रश्न विचारताना त्याचा सूर बदलला होता. “ठीक आहे. ते नाचले, कारण ह्यूज त्यांचा होता. तू कोण? एडिसनच्या आसपास राहणारी मराठी बाई. तुझ्या समितीत कृष्णवर्णीय किती? दुसऱ्याच्या घरचा उत्सव आपण का ठरवायचा?”

मघाशी शिवाजी पार्काबद्दल बोलताना त्याने हाच मुद्दा मांडला होता, आणि सगळ्या चर्चेत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. आमच्या समितीत पूर्वी कार्यक्रम ठरायचे आणि मग कृष्णवर्णीय वक्ते शोधले जायचे. बऱ्याचदा त्यांनी फुकट यावं अशीही अपेक्षा असायची, कारण ‘तुमचाच तर महिना आहे’. आता गावातल्या दोन चर्चमधल्या ज्येष्ठांना सप्टेंबरमध्येच बोलावतो. विषय ते ठरवतात. वक्त्यांना आणि वादकांना मानधन आधी मंजूर होतं. माझं काम खुर्च्या, खोली, पैसे आणि स्कॅनर.

“स्कॅनर कशाला?”

मी त्याला त्या शनिवारबद्दल सांगितलं. आम्ही गावात पत्रक लावलं होतं की घरातले जुने फोटो, पत्रं, कार्यक्रमपत्रिका घेऊन या, आम्ही त्यांची प्रत काढून ठेवू आणि मूळ वस्तू लगेच परत देऊ. ऐंशीच्या घरातल्या एक बाई प्लास्टिकच्या पिशवीतून एक हातपंखा घेऊन आल्या. आइस्क्रीमच्या काडीसारख्या पण रुंद लाकडी दांडीला जाड पुठ्ठा टाचलेला. एका बाजूला मार्टिन ल्यूथर किंग यांचं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला अंत्यसंस्कार करणाऱ्या एका दुकानाची जाहिरात आणि त्याचा चार आकडी टेलिफोन नंबर. उकाड्यात चर्चमध्ये बाकाबाकावर असे पंखे ठेवलेले असत. टाचणी गंजलेली होती, म्हणून पंखा उघडून सपाट करायचा नाही, असं आमच्या ग्रंथपालाने ठरवलं. दांडीसकट दोन्ही बाजू स्कॅन केल्या. मग फॉर्म भरायला घेतला: वस्तू काय, कुठली, कधीची, कुणाची. ‘जाहिरातीचा पंखा’ असं मी लिहायला लागले तर बाईंनी माझा हात थांबवला. त्या दुकानाच्या मालकाने गावातल्या गरिबांची प्रेतं पैसे न घेता पुरली होती आणि मतदार नोंदणीच्या बैठकाही त्याच्याच मागच्या खोलीत व्हायच्या, हे त्यांनी सांगितलं. ते सगळं फॉर्मच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. दहा मिनिटांत पंखा परत त्यांच्या पिशवीत गेला. ती नोंद आता आमच्या संग्रहात आहे आणि गावाच्या कुठल्याही छापील इतिहासात ती नव्हती.

“हा कार्यक्रम मला पटला,” मामा म्हणाला. “यात टाळ्या नाहीत, आणि लायब्ररी श्रीमंत झाली.”

“आणि तो ऑक्टोबरात होता.”

लहान मुलांच्या बाबतीत आमच्यात फारसा वाद झाला नाही. ऑगस्टा बेकर १९३७ मध्ये हार्लेमच्या त्याच शाखेत मुलांच्या ग्रंथपाल म्हणून आल्या. पुस्तकांमधलं काळ्या मुलांचं विद्रूप चित्रण बघून त्यांनी चांगल्या पुस्तकांचा वेगळा संग्रह करायला घेतला, याद्या छापल्या, आणि गोष्टी सांगण्याची कला स्वतः जोपासली. लाल स्नोसूट घालून बर्फात फिरणाऱ्या पीटर या कृष्णवर्णीय मुलाचं ‘द स्नोई डे’ हे १९६२ चं पुस्तक न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतून आजवर सर्वांत जास्त वेळा घरी नेलेलं पुस्तक ठरलं. त्याचा लेखक गोरा होता, हे मामाने लगेच दाखवून दिलं. मी म्हटलं, पीटरला कुणीही लिहावं, पण कपाटात त्याच्या शेजारी कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं हवीत. यावर तो फक्त ‘हं’ म्हणाला.

मग तो आपल्या आवडत्या मैदानात आला. “तू म्हणालीस, तू कोण याचं उत्तर खुर्च्या आणि स्कॅनर. माझ्या मते आपला संबंध त्याहून जास्त आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, हार्लेमच्या कडेला. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली, अस्पृश्यांची स्थिती आणि त्यांची स्थिती किती जवळची आहे ते लिहिलं. डू बॉइस यांनी जुलैअखेर उत्तर दिलं, सहानुभूती कळवली, मदतीची तयारी दाखवली. आमच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात म. ना. वानखेड्यांसारखी अमेरिकेत शिकून आलेली माणसं कृष्णवर्णीय लेखकांबद्दल बोलायची. जनार्दन वाघमाऱ्यांनी ते साहित्य मराठीत समजावून सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती नावासकट तिकडून प्रेरणा घेऊन. आपण तिऱ्हाईत कसे?”

“ते पत्र आज कुठे आहे, माहीत आहे?”

“मॅसॅच्युसेट्समध्ये, अ‍ॅमहर्स्टला. विद्यापीठाच्या लायब्ररीत.”

“डू बॉइस यांच्याच नावाच्या लायब्ररीत. कुणीतरी कागद जपले म्हणून तुला आणि मला हे बोलता येतंय. एवढ्यासाठी तरी लायब्ररीवर तू जरा कमी रागव.”

“मी लायब्ररीवर रागावलोच नाही. मी खाऊवर रागावलोय.” आणि लगेच पुढे: “फेब्रुवारीत मलिक अंबरवर एक प्रदर्शन लाव.”

हे येणार याची मला कल्पना होती. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला, जहांगीरच्या फौजांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं थोपवून धरणारा, जमीन महसुलाची घडी बसवणारा, १६१० च्या सुमारास खडकी वसवणारा मलिक अंबर. तीच खडकी पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. नहर-ए-अंबरीचं पाणी आणि भडकल दरवाजा बघत मामाचं आयुष्य गेलं. दरवर्षी तो विद्यार्थ्यांना खुलताबादला अंबरच्या कबरीपाशी न्यायचा. आणि विषय ओढूनताणून आणलेला नाही. शॉम्बर्ग सेंटरनेच २०१३ च्या फेब्रुवारीत भारतातल्या आफ्रिकनांवर, गुलामीपासून सेनापतिपदापर्यंत आणि राज्यापर्यंत पोचलेल्या माणसांवर प्रदर्शन भरवलं होतं, आणि नंतर ते दिल्लीलाही गेलं.

तरी मी नाही म्हटलं. “अंबर दाखवला की आपल्याला बरं वाटतं. भारतात बघा, हबशी माणूस कुठवर चढला, असं सांगता येतं. पण फेब्रुवारीत ती खोली इथल्या माणसांची आहे. त्यांच्या महिन्यात आपण आपलं समाधान मांडायचं नाही. आणि अंबर मांडायचा तर त्याच्याबरोबर आजचे सिद्दीही मांडायला हवेत, कर्नाटकातले, गुजरातमधले. त्यांना आपल्या देशात रंगावरून काय ऐकावं लागतं तेही. इथल्या आपल्या घरांमध्ये जेवणाच्या टेबलावर कृष्णवर्णीयांबद्दल काय बोललं जातं, ते तू ऐकलं आहेस.”

“ऐकलं आहे,” मामा म्हणाला. “दिवाळीतच ऐकलं. मी उठून गेलो.”

“मग नोव्हेंबरात लावू. आपल्या लोकांना बोलावून. अंबर, सिद्दी आणि ते जेवणाच्या टेबलावरचं बोलणं, सगळं एकत्र. वुडसन यांना वर्ष हवं होतं, त्यातला एक महिना आपण भरू.”

नोव्हेंबर त्याने मान्य केला. व्याख्यान तोच देणार आहे.

फेब्रुवारीचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे, आणि तो मामानेच नव्याने उभा केला. मी त्याला न्यू जर्सीची गोष्ट सांगितली होती. गुलामगिरी दक्षिणेत होती आणि उत्तर स्वच्छ होती, असं इथल्या पुष्कळ लोकांना वाटतं. या राज्याने १८०४ मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला, उत्तरेत सर्वांत शेवटी. ४ जुलै १८०४ नंतर जन्मलेलं मूल स्वतंत्र, पण मुलीने एकवीस आणि मुलाने पंचवीस वर्षांचं होईपर्यंत आईच्या मालकाची चाकरी करायची. १८६० च्या जनगणनेतही इथे अठरा गुलाम नोंदले गेले. आणि याच राज्यात, आमच्यापासून अगदी जवळच्या पर्थ अँबॉयमध्ये, ३१ मार्च १८७० ला टॉमस मंडी पीटरसन यांनी मतदान केलं. पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर मत देणारे ते पहिले कृष्णवर्णीय नागरिक. शाळेची देखभाल करणारा माणूस. १८८४ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना पदक दिलं. एडिसनच्या बाजारात वाणसामान आणणाऱ्या किती मराठी माणसांना हे नाव माहीत असेल?

१८०४ च्या कायद्यात एक अट होती. मालकाने मुलाच्या जन्माची नोंद नऊ महिन्यांत काउंटीच्या कचेरीत करायची. मालकाचं नाव, मुलाचं नाव, वय, मुलगा की मुलगी. आई-वडिलांचं नाव कायद्याने मागितलं नव्हतं. बऱ्याच नोंदींत आईचं नुसतं पहिलं नाव येतं. शेजारच्या मॉनमाउथ काउंटीची अशी वही जपलेली आहे. तिची छापील आवृत्ती मी मामाला दाखवली. त्याने ती दोन दिवस ठेवून घेतली, वहीत टिपणं केली, आणि परत आणून दिली ती मागणीसकट.

“पुढच्या फेब्रुवारीत ही नावं मोठ्याने वाचा. लायब्ररीच्या दारात. एकेक नाव, आईचं नाव, तारीख. दुसरं काही नको. आणि मालकांची नावंही वाचा.”

“मालकांची आडनावं इथल्या रस्त्यांना आहेत, मामा. काही घराणी अजून गावात आहेत.”

“म्हणूनच.”

“आणि त्या मुलांचे वंशजही असतील. नावं मालकाच्या हातची आहेत, मालमत्तेच्या नोंदीतली. ती भर दारात वाचायची का, हे आधी चर्चमधल्या लोकांना विचारावं लागेल. ते नाही म्हणाले तर नाही.”

“इतिहास परवानगी घेऊन वाचत नाहीत.”

“वाचनालयात बसून तो कुणीही वाचावा. दारात उभं राहून मोठ्याने वाचायचा तर ज्यांची ती माणसं, त्यांना विचारून.”

“आणि ते हो म्हणाले तर?”

“तर मालकांच्या नावांसकट. समितीत कुणी अडवलं तर मी भांडेन.”

ज्येष्ठांची बैठक सप्टेंबरात असते. मामा तेव्हा औरंगाबादला असेल. बैठकीसाठी त्याने एक पान लिहून ठेवलं आहे. कोणत्या नोंदी, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक नावाआधी त्या मुलाचं वय किती सांगायचं. मी ते पान त्याच्या शब्दांत त्यांच्यासमोर ठेवणार आहे, आणि माझा आक्षेपही.